सातवी गाठ

माझं नाव परवीन. बौद्ध घरातल्या मुलीचं हे नाव कसं, असं कळंबपासून जुन्नरपर्यंत प्रत्येकानं विचारलंय. त्याला कारण आईचा एक सौदा.

माझ्याआधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. आमच्या खोडदला बांगड्या विकायला जुन्नरची एक मुसलमान बाई यायची, तिला सगळे खाला म्हणायचे. आईनं मला सुपात घालून तिला दिलं आणि ओंजळभर बाजरीला परत विकत घेतलं. अशा मुलाचं नाव ज्याच्या पदरात टाकलं त्यानं ठेवायचं, म्हणजे मरणाला पत्ता लागत नाही, अशी समजूत. वडिलांना असलं काही खपत नसे, म्हणून सौदा त्यांच्या पाठीमागं झाला. नाव मात्र पाठीमागं ठेवता येत नाही. त्यांनी चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी त्याच नावानं मला हाक मारली.

माझ्या वाढदिवसाला, मार्गशीर्षात, खाला बांगड्या आणायची. माप कधीच घ्यायची नाही. "हात ढिला सोड, बाय," म्हणत चढवायची आणि त्या नेमक्या बसायच्या.

नावाचा अर्थ सांगितला आमच्या भाडेकरू काकांनी. ते खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या कामावर होते आणि फारसी वाचायचे. परवीन म्हणजे कृत्तिका, ते म्हणाले. इराणातलं फार जुनं नाव, तिकडचे कवी या चांदण्यांना मोत्यांचा सर म्हणतात. दिवेलागणीला त्यांनी अंगणातून तो झुबका दाखवला. मी सहा मोजल्या.

"आहेत सात," काका म्हणाले. "सातवी सहसा दिसत नाही."

पलीकडच्या शेतातल्या अँटेनांच्या अजस्र थाळ्या त्याच वेळी एकदम वळल्या. मी घरात पळाले.

दुसऱ्या दिवशी मला सहा वर्षं पूर्ण झाली. खालाच्या पेटीत बांगड्यांखाली मला एक दोरा सापडला. वीतभर मोकळा, पुढं एकीला लागून एक अशा सहा गाठी. मी तो गंमत म्हणून मुठीभोवती गुंडाळला. टोक बरोबर सहाव्या गाठीला टेकलं.

"कुणाचं माप हे?" आईनं विचारलं.

"माज्या पोरीचं, परवीनचं. दर सालची एक गाठ. सातवी मारायची ऱ्हायली."

आईनं दोरा माझ्या मुठीवरून सोडवला. मग म्हणाली, "मेलेल्या पोरीचं नाव दिलंत माझ्या लेकीला?"

"दुसरं कुठून आणू? माज्याकडं तेवढंच व्हतं."

आईनं माझ्या हातातल्या बांगड्या तिथंच उतरवल्या आणि खालाला पुन्हा पायरी चढू नका म्हणून सांगितलं.

ते वर्ष मी भीतीत काढलं. त्याच संध्याकाळी मुठीच्या मापाचा सुतळीचा तुकडा कापून ठेवला होता, तो रोज गुंडाळून बघायचे. पोळा गेला, दिवाळी गेली, टोकाला टोक लागतच राहिलं, म्हणजे मूठ वाढतच नव्हती. मला साधी शिंक आली तरी आई हातातलं काम टाकून यायची. नावानं हाक मारणं तिनं सोडूनच दिलं होतं.

सातव्या वाढदिवसाला खाला आली. बांगड्यांची पेटी नव्हती, मुठीत फक्त दोरा होता. ती पायरीखालीच उभी राहिली. आईनं तिच्याकडं पाहिलं, मग मला मनगटाला धरून बाहेर नेलं.

खालानं पहिल्यांदाच माझा हात मापला. दोऱ्याचं टोक सहावी गाठ ओलांडून ज्वारीच्या दाण्याएवढं पुढं गेलं. माझी सुतळी रोज ओढून ओढून लांबली असणार.

खाला गाठ मारायला गेली. दोनदा दोरा सुटला. शेवटी आईनं तो तिच्या हातून घेतला, सातवी गाठ मारली आणि म्हणाली, "परवीन, खालाला पाणी आण."