बांधून ठेवलेली भांडी

फोन आला तेव्हा मी दुकानात भांड्यांची मोड तोलत होतो. जुनी भांडी देऊन नवी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा एक पितळी डबा तराजूत होता, आणि काटा अजून हलत होता. फोन तलासरीकडून होता, वहिनीच्या शेजारच्या जानकीचा. ती एरवी फोनवर मोठ्याने ओरडून बोलते. त्या दिवशी इतकं हळू बोलली, की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. मग ती म्हणाली, "दादा, बाय गेली. सकाळी दवाखान्यात नेत होतो, तर वाटेतच..." मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक विचारत होतं, "मालक, किती भरलं?" मला काटा दिसत होता, पण वाचता येत नव्हता.

त्याला आता काही आठवडे झाले. सुनंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. पण हे नातं सांगून काही कळणार नाही. आमचं घर नरपडचं. वडील आधीच गेले होते, मी दहा वर्षांचा असताना आईही गेली. दादा तलासरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता, नुकतंच लग्न झालेला. त्याने मला एसटीत बसवलं आणि अच्छाडच्या रस्त्यावरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेलं. वहिनी दारात उभी होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं आणि दादाला विचारलं, "याचं ताट कुठाय?"

"ताट? आपल्याकडे काय ताटं नाहीत?"

"आहेत. पण तो काय जेवून परत जाणाराय? पाहुणा हात हलवत येतो. राहणारा ताट घेऊन येतो."

तिच्या माहेरची ही रीत होती. घरात कुणी कायमचं राहायला आलं, मग ती सून असो, म्हातारी आत्या असो की पोरकं पोर, तर ते आपलं ताट घेऊन येणार, आणि ते ताट घरातल्या ताटांमध्ये लागणार. दादा पुढच्या रविवारी नरपडला जाऊन माझं ताट घेऊन आला. तोवर वहिनीने मला तिच्याच ताटात, तिच्याबरोबर जेवू घातलं. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा माझ्या बाजूला, जाड भाग तिच्या बाजूला. ताट आलं, तिने ते राखेने घासलं, मांडणीवर तिच्या आणि दादाच्या ताटाच्या मध्ये उभं केलं आणि म्हणाली, "झालं. आता तू इथला."

त्यांना मूल झालं नाही. मी मोठा झालो, डहाणूला स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान टाकलं, लग्न केलं. वेगळा संसार मांडताना मी ताट न्यायला निघालो, तर वहिनीने हातातून काढून घेतलं. "दुकानदाराला ताटांचा तोटा आहे का रे दिनू? हे इथेच राहू दे." मी जेव्हा जेव्हा तिच्याकडे जायचो, तेव्हा त्याच ताटात जेवायचो आणि चहा एका स्टीलच्या पेल्यात प्यायचो, ज्याचे काठ दुमडलेले होते. पाहुण्यांसाठी तिच्याकडे फुलांच्या नक्षीच्या कपबश्या होत्या. मला त्या कधी मिळाल्या नाहीत, आणि मला त्याचा अभिमान होता.

तिच्या स्वयंपाकघरात भांड्यांना माणसांची नावं होती. संक्रांतीच्या वाणात आलेली वाटी म्हणजे "पाटलीणबाई", खोलगट परात म्हणजे "नरपडची काकू". "काकूत पीठ मळ गं," असं ती जानकीला सांगायची आणि जानकी हसून लोटपोट व्हायची. २०१४ साली आम्ही सरावलीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हा वास्तुशांतीला वहिनी आली. माझ्या बायकोने, अलकाने, हौसेने किचनच्या ट्रॉल्या ओढून दाखवल्या. वहिनी वाकून बघत राहिली. "भांडी झोपवून ठेवता होय गं?"

"उभी राहून दमतात ना, वहिनी."

"आमच्याकडची नाही दमत. त्यांना सवय आहे," वहिनी म्हणाली, आणि दोघी बराच वेळ हसत होत्या.

दादा २०१६ मध्ये गेला. तेव्हाच तिला आणायला हवं होतं. मी विचारलं होतं, ती "वर्ष होऊ दे" म्हणाली, वर्ष झालं, मी पुन्हा विचारलं नाही. दुकान, मुलाचं कॉलेज, दर महिन्याला एक चक्कर... एकटी आहे पण खमकी आहे, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. ते खरंही होतं, आणि सोयीचंही.

मग २०१८ च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या लोकांना ते दिवस सांगायला नकोत. वहिनीचं घर हायवेपासून लांब नाही, त्यामुळे पहिल्यांदा तिला वाटलं अवजड ट्रक गेला. पण ट्रक जातो तेव्हा खिडकी वाजते, आणि या वेळी मांडणी वाजली. पुढे पुढे पाड्यावर सगळ्यांनी पेल्यांवर पेले रचून ठेवले, पडले की जाग यावी म्हणून. टीव्हीवर धक्क्यांचे आकडे यायचे. वहिनीचं मोजमाप वेगळं होतं. मी फोन केला की सांगायची, "आज नुसती ताटं बोलली." किंवा, "आज पाटलीणबाई खाली आल्या." एकदा म्हणाली, "आज काकू पडली रे." तेव्हा आवाज थोडा बारीक झाला होता. परात पडायला काय लागतं ते मला, रोज परातींमध्ये बसणाऱ्याला, कळत होतं. मी म्हणालो, "वहिनी, आता पुरे. रविवारी येतो. तुला घेऊनच जातो." मग म्हणाली, "नक्की ना?"

रविवारी मी गाडी घेऊन गेलो. अंगणात तंबू होता, सगळा पाडा बाहेरच झोपत होता. घरात शिरलो तर मांडणी रिकामी. भिंतीवर ताटांच्या पाठी टेकून टेकून पडलेले गोल डाग तेवढे दिसत होते. भांडी जुन्या साड्यांत बांधून खाली ठेवलेली. मला वाटलं, पडू नयेत म्हणून उतरवून ठेवली असणार, शहाणपणाचं काम. वहिनी चांगलं लुगडं नेसली होती. तेही मला दिसलं, पण उमगलं नाही. जानकी दारात बसून तांदूळ निवडत होती.

"चल, वहिनी."

"टेम्पो सांगितलास का?"

"टेम्पो कशाला?"

तिने गाठोड्यांकडे नुसती मान वळवली.

आणि मी हसलो. खरंच मोठ्याने हसलो, कारण मला ते विनोदी वाटलं. "अगं, भांडीवाल्याच्या घरी भांडी घेऊन येतेस? दोन साड्या घे आणि चल. ट्रॉलीत एक वाटी ठेवायला जागा नाही. आणि हे काय कायमचं आहे का? हे हलायचं थांबलं की येशीलच परत."

माझा आवाज अजून मला ऐकू येतो. जगात दुसरा कुणीही असं बोलला असता तर चाललं असतं. ज्याचं ताट आणायला तिने नवऱ्याला नरपडला पिटाळलं होतं, तो मी. मला एकट्याला ते विसरायचा हक्क नव्हता.

वहिनी म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "आज नको पण. जानकीच्या सुनेचे दिवस भरलेत, तिला माझा आधार आहे. पुढे बघू." मी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. घड्याळ बघितलं. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. कपबशीत. फुलांच्या नक्षीच्या कपबशीत. बशी माझ्यापुढे धरून म्हणाली, "भाऊजी, साखर बघा बरोबर आहे का."

साखर बरोबर होती. मी तसं सांगितलं आणि निघालो. गाडी वळवताना ती दारात उभी होती. तेव्हा मला काहीतरी टोचत होतं, पण काय, ते हाती लागलं नाही. मग रस्त्यावरच्या गर्दीत ते निसटून गेलं.

त्यानंतर फोनवर तिने भांड्यांची खबर दिली नाही. "बरी आहे" म्हणायची, "बाहेरच झोपतो सगळे, थंडी आहे." खोकत होती. "औषध घेतलंस का?" "घेतलं." मला ते संभाषण लवकर संपायचं म्हणून बरं वाटायचं... हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं. थंडी छातीत बसली, ताप चढला, आणि एका सकाळी जानकीने गाडी बोलावली, पण वहिनी दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी घर आवरायला गेलो. गाठोडी तिथेच होती, भिंतीला टेकून, गाठी तशाच. मी जानकीला विचारलं, "ही पुन्हा लावली नाहीत तिने?"

"नाय लावली. तुम्ही रविवारी येणार म्हणून शनिवारी दिवसभर बांधत बसलेली. मला म्हणाली, जानके, मी चालली आता दिनूकडं, कायमची. काकू तुला ठेवू का? मग म्हणाली, नको, काकू लागंल तिथं."

"मग जेवायची कशात?"

"माझ्या घरच्या ताटात. मी म्हटलं, बाय, सोडा ना गाठ, तुमचं ताट काढा. तर म्हणाली, सोडली की परत बांधायची ताकद नाय."

मी विचारलं, "त्या दिवशी चहा कपात का दिला गं मला?"

तिला प्रश्नच कळला नाही. "पेले बांधलेले ना," ती म्हणाली. "कपबश्याच तेवढ्या बाहेर. फुटतील म्हणून शेवटी बांधणार होती."

असेलही. पेले खरंच गाठोड्यात होते. आणि "भाऊजी" म्हणाली, तर चारचौघांत ती तसंच म्हणायची, आणि जानकी दारातच बसली होती. म्हणजे कदाचित काहीच नव्हतं. हाताशी होता तो कप दिला, लोकांसमोर म्हणतात तसं म्हटलं. मी हे रोज स्वतःला समजावतो. आणि रोज दुसरी बाजू उभी राहते, की एक पेला काढायला गाठ सोडायला कितीसा वेळ लागतो? तिने मला पाहुणा केलं की नाही, हे आता मला कुणीच सांगू शकत नाही. तिने स्पष्ट तसं केलं असतं तर मी ते सोसलं असतं, असं वाटतं. हे न कळणं सोसवत नाही.

या वेळी मी टेम्पो नेला. सरावलीला अलकाने गाठोडी उतरवून घेतली. तिने एका ट्रॉलीतली आमची भांडी काढली, त्यातली निम्मी आम्ही कधी वापरतही नव्हतो, आणि वहिनीची लावायला घेतली. वहिनीचं ताट, दादाचं ताट, आणि मधे साडीच्या घडीत गुंडाळलेलं माझं. सगळी बसली. शेवटी परातही आडवी सरकवली, तीही बसली. अलका तशीच जमिनीवर बसून राहिली. म्हणाली, "जागा नाही असं तुम्ही त्यांना सांगितलंत? मला विचारलं होतंत का? मी केली असती जागा."

दुकानात मी पूर्वीसारखाच बसतो. परवा एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या, सासूबाई राहायला येताहेत म्हणून ताट-वाटी-पेला बघायला. मी विचारलं, "त्यांचं ताट आणणार नाहीत का त्या?" बाई म्हणाल्या, "जुनं आहे हो, पोचे पडलेलं." मी म्हणालो, "असू द्या पोचे. तेच आणायला सांगा." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "काका, दुकान बंद करायचा विचार आहे काय?" ते हसले, मीही हसलो, आणि ते समोरच्या दुकानात गेले.

धक्के अजून येतात. सरावलीला तितके जाणवत नाहीत, पण कधी कधी ट्रॉली आपल्या आपण बोटभर पुढे येते आणि आतली भांडी बोलायला लागतात. मुलगा ओरडतो, "बाबा, खाली चला," आणि अलका चप्पल शोधते. माझा पाय निघत नाही. वहिनीला मी आयुष्यात कधी रागाने भांडं आपटताना ऐकलं नाही. दादाशी भांडण झालं तरी ताटं आवाज न करता लागायची. नापास झालो तेव्हा तिने मला एक शब्द न बोलता वाढलं होतं. त्या रविवारी एकदा, एकच वाटी तिने ओट्यावर आपटली असती, तर मला कळलं असतं, मी गाडीतून उतरलो असतो, टेम्पो बोलावला असता. आता ट्रॉली वाजते तेव्हा मी तिच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "बोल वहिनी... काय असेल ते बोल." जिन्यावर शेजाऱ्यांची पळापळ चाललेली असते. मी हँडलला हात लावतो. तेवढ्यात जमीन थांबते, आणि भांडी गप्प होतात.