पलीकडच्या काठावर कुणीच नव्हतं

आधी स्पष्ट सांगते. अंगात आलेल्या बाईसमोर उभी राहून "पुरावा दाखवा" म्हणणारी मी मुलगी आहे. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहिलीत, निलंग्यापासून नांदेडपर्यंत बसस्टँडवर उभी राहून वाटलीत. त्यामुळे हे वाचून कुणी "आता पटलं का?" विचारायला येऊ नये. काही पटलेलं नाही. जे झालं ते लिहितेय.

नांदेडला गोदावरीच्या काठी रिव्हरफ्रंट झालाय. गुळगुळीत फरशी, बाकं, आणि मधोमध दीपगृह. हो, दीपगृह! लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब... पण हौस. वरच्या काचेत दिवासुद्धा नाही, भोपळ्याएवढा पांढरा गोळा बसवलाय नुसता.

हे जिथं उभं केलं तिथं नागोराव काकांची नाव लागायची. पलीकडच्या शेतांतल्या बाया टोपल्या घेऊन काठावरून हाक मारायच्या, काका "आलोऽऽ" म्हणायचे आणि निघायचे. त्यांचा कायदा एकच — ओ दिली की जायचंच, मग समोर जेवणाचं ताट असो. रिव्हरफ्रंट झाला आणि नाव बंद करा म्हणून नोटीस आली. कारण काय, तर "आता प्रवासीच उरले नाहीत." आम्ही भांडलो, पत्रकं काढली, तेव्हा कुठं एक साहेब पाहणीला आले. (ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) काकांची नाव राहणार की जाणार, हे त्या पाहणीवर ठरणार होतं.

भर दुपार. साहेब म्हणाले, दीपगृहावर जाऊ, सगळा काठ दिसतो. गोल जिना चढून साहेब, काका आणि मी वरच्या गॅलरीत आलो. पलीकडचा काठ मोकळा होता. झाड नाही, आडोसा नाही, माणूस नाही.

"कुठायत तुमचे प्रवासी, मॅडम?"

"उन्हाची वेळ आहे साहेब, बाया सकाळी—"

"येऊन राहिल्या," काका म्हणाले. "दम धरा की जरा. तुमी काय घोड्यावर बसून आले का?"

तेवढ्यात हाक आली. बाईचा आवाज, लांबवलेला. "नागूभाऊऽऽ... नाव आणाऽऽ!"

मी ऐकली. साहेबांनीही ऐकली — "कोण ओरडतंय?" हे त्यांनीच आधी विचारलं. आम्ही दोघं काठ धुंडाळत राहिलो. कुणी नाही. काकांनी मात्र कठड्यावरून वाकून "आलोऽऽ" अशी ओ दिली आणि जिना उतरायला लागलेसुद्धा.

नावेच्या काठाखाली काकांनी निळा पट्टा रंगवलेला होता. जाताना तो पूर्ण पाण्याच्या वर होता. हलकी नाव, डुलत गेली. पलीकडे थोडा वेळ थांबली. परत येताना... पट्टा दिसत नव्हता. नाव दबली होती. काका वल्ह्यावर सगळं अंग टाकत होते. आणि नावेत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

"भोक पडलंय नावेला," साहेब म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता. मलाही तेच वाटलं. आम्ही धावत खाली उतरलो.

काका नाव लावून हात पुढे करत होते. "सावकाश मावशे, फरशी लई निसरडी हाय. काच आंथरून ठिवलीय नुस्ती ह्या लोकांनी. आण, टोपली दे इकडं." मग पुन्हा हात पुढे. पुन्हा. दर वेळी नाव थोडी वर यायची, आणि शेवटी निळा पट्टा पूर्ण दिसायला लागला.

मी नावेत उतरले. तळाला हात लावला. लाकूड कोरडं, उन्हानं तापलेलं.

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. "किती माणसं आणली?"

"मोजत नसतो. नावेतली माणसं मोजू न्हाई, साहेब."

"मग मी काय लिहू?" ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही पुराव्यावाल्या. तुम्हीच सांगा. एक तरी माणूस दिसला?"

काय सांगायचं होतं मी?

"नाही."

"पत्रकवाले," काका मला म्हणाले, "तूबी न्हाई?" चिडले नाहीत. एवढंच विचारलं.

अहवाल आला — प्रवासी आढळले नाहीत. हाक आधी ज्यानं ऐकली, त्याच माणसाची खाली सही. नाव उचलून नेली. आता ती दीपगृहाच्या पायाशी सिमेंटच्या कट्ट्यावर बसवलीय. आत माती, मातीत झेंडू, बाजूला सेल्फी पॉइंटची पाटी.

लोक मला स्पष्टीकरणं देतात. पाण्यावरून आवाज लांबचा येतो म्हणे. काकांनी पलीकडून दगड भरले म्हणे. मग दगड गेले कुठं? मी सगळं तपासलं. माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचं मला पटत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी तिकडं गेले होते. हाक आली. सेल्फी काढणाऱ्यांनी माना वळवल्या, रिकामा काठ बघितला, आणि हसरे चेहरे करून परत मोबाईलकडे वळले. ओ कुणी दिली नाही. मीही नाही... ओ दिली की जावं लागतं.

काका आता देगलूरला लेकीकडे असतात. अधूनमधून फोन करतात. इकडचं तिकडचं काही नाही, एकच विचारतात — "पत्रकवाले, कुणी हाक मारतंय का गं तिथं?"

"नाही काका," मी सांगते. "कुणीच नाही."