पाव इंच जास्त

कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. तीस वर्षं शर्ट बेतले. कापडाचे साठ थर एकदम कापताना कधी हात हलला नाही, आणि आता डिझाइनच्या वर्गात शेवटच्या बाकावर, साधी पेन्सिल धरून बाई लटलट कापत होत्या.

कारणही तसंच होतं. कारखान्यात बेतायचं यंत्र आलं होतं. मालक म्हणाले, "कोर्स पास झालात तर ड्रॉइंगच्या खोलीत खुर्ची, नाहीतर घरी आराम." आराम करायला घरात दुसरं कमावणारं होतं कोण? मुलगी अजून शिकत होती. सकाळी ती चिडवत होती, "आई, परीक्षा माझी की तुझी? खाऊन तरी जा." पोळी ताटातच राहिली होती.

परीक्षा दिसायला सोपी. रोजच्या वापरातली एक वस्तू न मोजता, नुसत्या नजरेने, आहे त्याच मापाची काढायची. मग मॅडम ती वस्तूच चित्रावर ठेवून बघणार. बाईंनी आपल्या कात्रीचं चित्र काढलं होतं.

मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी कात्री कागदावर ठेवली आणि कपाळाला आठी पडली. चहूबाजूंनी रेघ कात्रीबाहेर उरली होती. मुठीची भोकं मात्र इतकी बारीक, की करंगळीही अडकावी. कोणीतरी फिसकन हसलं. बाईंच्या मनात आलं, खुर्ची गेली, पोरीचं कॉलेज गेलं.

मॅडमनी सात ठिकाणी पट्टी लावली.

"सगळीकडे बरोब्बर पाव इंच जास्त? हे काय, मावशी?"

बाईंना तेव्हा कुठे उमगलं.

"शिलाईत जाते ना तेवढी जागा," त्या कशाबशा म्हणाल्या. "कापताना सोडावी लागते. हाताने आपणहून सोडली हो."

"कात्री कोण शिवणार आहे?" मॅडमना हसू आवरेना. तरी त्यांनी पट्टी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. "न मोजता इतकं सारखं? दहा मिनिटं आहेत. नवा कागद घ्या. जास्तीचं काही नको."

थोडं कापड हाताशी असलं की चूक उसवून दुरुस्त होते. तेवढ्या भरवशावर तर बाई आजवर निर्धास्त कापत आल्या होत्या. आता चुकलं तर चुकलंच. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी रेघ ओढली.

मॅडमनी कात्री पुन्हा कागदावर ठेवली. वाकून बघितलं, कागद फिरवून बघितलं. कात्रीबाहेर रेघ कुठेच दिसेना. त्यांनी कोपऱ्यात 'पास' लिहून सही केली.

"घ्या मावशी, तुमची कात्री."

बाईंनी हात पुढे केला, पण बोटं इतकी थरथरत होती की मुठीत शिरेनातच.