आधी शेळ्यांचं सांगते

आज मावळात जेवढ्या शेळ्या चरत आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्या फूफीच्या हातून या जगात आल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या तिला ओळखून आहेत. फूफी म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आत्या. आंबीच्या शिवारात तिचं दोन खोल्यांचं घर आहे आणि त्याला लागून घरापेक्षा ऐसपैस गोठा आहे. पाहुणा आला की त्याला आधी गोठा दाखवला जातो, मग पाणी विचारलं जातं, आणि एखादी शेळी व्यायला झाली असेल तर पाणीही त्यालाच आणायला सांगितलं जातं. तिचा नवरा, म्हणजे फूफा, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात शिफ्टवर जातो. फूफी साठीपलीकडची, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की तिनं गोठ्यातून हाक घातली तर नदीपलीकडची जनावरं चरायची थांबतात. मुलाला कारखान्यातून परत बोलवायला तिला मोबाइल कशाला लागतो हे मला अजून कळलेलं नाही.

फूफीला कोणताही प्रश्न विचारा, उत्तर शेळ्यांतून येतं. "फूफी, कशी आहेस?" असं फोनवर विचारलं की ती म्हणते, "आदी शेळ्यांचं सांगते. धाकटीला दोन झाली, दोन्ही पाटी, बोकड येक बी न्हाई. काळीचं दूध जरा आटलंय. सरपंच लंगडती, पण खायला कमी न्हाई." यावरून आम्ही समजायचं की फूफीची तब्येत ठीक आहे, गुडघा थोडा दुखतोय आणि जेवण व्यवस्थित चाललंय. आमच्या घरात सगळ्यांना हे वाचता येतं. सरपंच ही तिची सगळ्यांत लाडकी शेळी. ती उठल्याशिवाय कळप उठत नाही आणि उठल्यावर ती हटकून दुसऱ्याच्या शेतात शिरते, म्हणून हे नाव. माझ्या लग्नाची तारीख मी विसरतो, फूफी विसरत नाही, कारण त्याच दिवशी सरपंचच्या आईचं पहिलं वेत झालं होतं. त्यामुळे फूफी लग्नाला आली ती थेट जेवणाच्या पंगतीला. माझी मुलगी झाली तेव्हा ती दवाखान्यात आली, बाळाला हातावर तोललं, कान चाचपले आणि म्हणाली, "ब्येस हाय. कान बी चांगले हैत." माझी बायको दोन दिवस कुणाशी बोलली नाही. फूफीच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही, हे तिला पटवताना माझी पुरेवाट झाली.

शेळी अडली की फूफीला बोलावणं येतं. देहूरोडपासून पार डोंगरातल्या वाड्यांपर्यंत कुठूनही येतं. जनावरांचे डॉक्टर लांब असले तर ते स्वतःच लोकांना सांगतात, "मी पोचेपर्यंत मावशींना आणा." ती जाते, बाह्या वर सारते, हाताला खोबरेल चोपडते, आणि आत हात घालून डोळे मिटून आभाळाकडे तोंड करते. त्या वेळी कुणी खोकलेलं तिला चालत नाही. मग ती निकाल सांगते, "डोस्कं मागं फिरलंय, एक पाय म्होरं हाय," आणि थोड्या वेळानं एक ओलं करडू गवतावर शिंका देत पडतं. ते उचलून ती गालाला लावते. किती ऊब आहे हे गालालाच कळतं म्हणते. डॉक्टरांनी तिला रबरी हातमोज्यांचा आख्खा डबा दिला होता. ते मोजे तिनं लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधले. "मोज्यात हात आंधळा व्हतो," हे तिचं म्हणणं. त्यावर बोलायची कुणाची हिंमत नव्हती, डॉक्टरांचीसुद्धा नाही.

एकदा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवरून बोलावणं आलं. शहरातल्या मुलांना दाखवायला त्यांनी शेळ्या पाळल्या होत्या, पण त्या व्यायल्या तर काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. रविवार होता आणि फूफी माझ्या मेव्हण्याच्या लग्नात जरीची साडी नेसून बसली होती. मालकानं गाडी पाठवली, गाडी लोणावळ्याच्या रांगेत अडकली, तेव्हा ही खाली उतरली आणि दोन गाड्यांच्या फटीतून चालत निघाली. मीही मागोमाग. तिथं पर्यटकांचा गराडा पडलेला, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. फूफीनं एका गॉगलवाल्या साहेबाला सांगितलं, "शूटिंग मग कर बाबा, आदी हिचं पाय धर." त्यानं धरले. तीन करडं झाली. त्या साहेबाच्या पांढऱ्या पँटचं जे व्हायचं ते झालं, पण निघताना तो फूफीच्या पाया पडला. मालकानं चिक्कीचे पुडे पुढं केले, तर ही म्हणाली, "चिक्की नगं, शेळीला हरभऱ्याचा भुसा घाल."

मटणाच्या बाबतीतही तिचा कायदा आहे. ज्याला आपण जगात आणलं त्याचं खायचं नाही. सुरुवातीला या कायद्यानं काही अडलं नाही. पण जसजसा तिचा हात पंचक्रोशीभर फिरला, तसतसं खाता येण्याजोगं बोकड उरेना. हल्ली बकरी ईदला सगळं घर मटणावर ताव मारत असतं आणि फूफी कोपऱ्यात आमटीभात कालवत असते. विचारलं तर म्हणते, "वळखीचं निघालं."

अशी ही बाई मागच्या थंडीच्या शेवटी तापानं पडली. संध्याकाळ झाली की ताप चढायचा, पहाटे इतका घाम यायचा की गोधडी पिळायला लागायची, आणि त्या गोधडीला ओल्या गवताचा वास यायचा. आठ-दहा दिवसांनी ताप आपोआप जायचा, फूफी कमरेला पदर खोचून गोठ्यात शिरायची, की पुन्हा हजर. कंबर इतकी धरायची की तिला धार काढायला बसता येईना. धार सून काढू लागली. फूफी खाटेवरून सूचना देऊ लागली आणि सून माहेरी जायची भाषा बोलू लागली. पहिल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टायफॉइड थोडासा निघाला. थोडासा टायफॉइड आमच्याकडे कुणाच्याही रक्तात निघतो. त्याची औषधं झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला आणि टीबी म्हणावा की संधिवात यावर विचार करायला वेळ मागितला. वजन उतरत चाललं. एरवी आवाजानं नदी ओलांडणारी फूफी उंबऱ्यातून बोललेली अंगणात ऐकू येईना. आम्ही सगळेच घाबरलो होतो.

आणि प्रत्येक डॉक्टरासमोर एकच तमाशा. डॉक्टर विचारायचे, "काय होतंय?" फूफी सुरू करायची, "आदी शेळ्यांचं सांगते. सरपंच गाभडली, दिवस भरायच्या आदीच टाकलं तिनं. मग काळीनं बी तसंच केलं." की आतेभाऊ म्हणायचा, "अम्मी, डॉक्टरांना वेळ नाही, तापाचं सांग." मीही तिचा हात दाबायचो. डॉक्टर हसायचे, गोळ्या लिहायचे. बाहेर आल्यावर फूफी म्हणायची, "कुणी ऐकून घेतच न्हाई." आम्हाला वाटायचं, तापानं चिडचिड होते आहे.

शेवटी त्या लोणावळ्याच्या रिसॉर्टवाल्यालाच फूफी आजारी असल्याचं कळलं आणि त्यानं तिथल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. तरुण पोरगी, केस आखूड, माझ्या मुलीहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं विचारलं, "मावशी, काय त्रास होतोय?" फूफी म्हणाली, "आदी शेळ्यांचं सांगते." आतेभावानं तोंड उघडलं, तशी त्या पोरीनं हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हणाली, "सांगा."

फूफीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती बोलत सुटली. सरपंच कधी गाभडली, काळी कधी, पोटातलं कसं निघालं, वार अडकली होती ती हातानं कशी सोडवली, शेजारच्या वाडीत दोन शेळ्यांचं तसंच झालं तिथंही आपणच कशा गेलो. डॉक्टरीणबाई मध्येच विचारत होत्या. "हातात मोजे होते?" "न्हाई. मोज्यात हात आंधळा व्हतो." "हाताला कुठं चिरा, खरचटलेलं?" फूफीनं दोन्ही तळवे पुढं केले. त्या तळव्यांवर चिरा नाहीत अशी जागा दाखवणं अवघड होतं. "आणि ताप त्यानंतर?" "व्हय, त्याच्या मागनंच."

एवढं ऐकून त्यांनी रक्ताची एक वेगळीच तपासणी लिहून दिली. तिचा रिपोर्ट आला आणि आजाराला नाव मिळालं, ब्रुसेलोसिस. बाईंनी फूफीला समजावून सांगितलं. हा जंतू फारच बारीक, सूक्ष्मदर्शकाखाली रांगोळी सांडल्यासारखा दिसतो. जंतू ओळखायला आधी जांभळा रंग देतात. काही जंतू तो धरून ठेवतात, हा धरत नाही, नंतर दिलेल्या रंगानं गुलाबी होतो. प्रयोगशाळेत वाढतोसुद्धा सावकाश, आणि माणसाच्या अंगात तो आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, म्हणून ताप येतो, जातो, पुन्हा येतो. दोन औषधं दीड महिना घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाहीत, सोडली की तो परत डोकं वर काढणार. दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. फूफी लक्ष देऊन ऐकत होती. बोकडाला शिंगं धरून लोळवणाऱ्या बाईला रांगोळीच्या कणानं आडवं केलं याचा तिला राग आलेला दिसत होता. मग तिनं विचारलं, "आन् शेळीला काय करतो त्यो?"

"गाभडते. एरवी धडधाकट दिसते. पण तिच्या दुधातून आणि वेताच्या वेळी तो इतरांना लागत राहतो, आणि तिच्यावर इलाज करत नाहीत."

परतीच्या वाटेवर तळेगाव आलं, गेलं. मी दोनदा विचारलं, चहा घेतेस का. फूफीनं नकाराची मान हलवली.

औषधांनी ताप उतरला. सुदैवानं घरातल्या कुणाच्या रक्तात काही निघालं नाही. शेळ्यांचं रक्त मात्र जनावरांच्या डॉक्टरांनी तपासायला पाठवलं आणि तीन दोषी निघाल्या. काळी, एक पांढरी, आणि सरपंच. डॉक्टर म्हणाले, कळपात ठेवायच्या नाहीत, मारून खोल पुरायच्या. त्याच आठवड्यात एक व्यापारी दारात येऊन उभा राहिला. तिन्ही जनावरं अंगानं तुकतुकीत, तो म्हणेल ती किंमत द्यायला तयार. आतेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाजारात गेल्यावर कुणाला काय कळतंय?" फूफीचे कान शाबूत होते. ती खाटेवरून उठली, काठी टेकत अंगणात आली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, तुमी जावा." मग मुलाकडे वळली. "ज्याच्या दावणीला ती जाईल, त्याची म्हातारी ताप घेऊन पडंल. ती बी शेळ्यांचंच सांगत बसंल, आन् तिला बी समदी गप बसवतील."

आतेभावानं मान खाली घातली. मीही घातली.

खड्डा शेताच्या कडेला खणला. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही घरात थांबा. ती थांबली नाही. आत जाऊन लोणच्याच्या बरणीचे मोजे सोडून आणायला निघाली, तेव्हा डॉक्टरांनी घाईनं नवीन काढून दिले. ते तिनं मुकाट्यानं चढवले. आयुष्यात पहिल्यांदाच. सरपंच नेहमीसारखी आधी निघाली, खड्ड्याकडे न जाता शेजाऱ्याच्या मेथीत शिरली, आणि फूफीनं तिला या वेळी अडवलं नाही. पोटभर खाऊ दिलं. नंतर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सुई टोचली तेव्हा फूफीचा हात तिच्या कानावर होता. बराच वेळ तो तिथंच होता. डॉक्टर म्हणाले, "झालं, मावशी." फूफीनं आपल्या रबरी बोटांकडे पाहिलं. "मला कळलंच न्हाई," ती म्हणाली.

आता ती बरी आहे. आवाज परत आला आहे, नदीपलीकडची जनावरं पुन्हा थांबू लागली आहेत. शेळी अडली की बोलावणं येतं, ती जाते, मोजे घालते आणि पूर्ण वेळ त्यांना शिव्या देते. करडू जन्मलं की गालाला लावत नाही, फडक्यात गुंडाळून मालकाच्या हातात देते आणि हात धुवायला निघून जाते. कुणाची शेळी गाभडल्याचं कानावर आलं की त्या घरी आधी पोचते, कशाला हात लावू देत नाही आणि डॉक्टरांना फोन लावून देते. डोंगरातल्या वाड्यांमध्ये तिला आता शेळ्यांची पोलीस म्हणतात, आणि ते तिला आवडतं.

परवा मी फोन केला. विचारलं, "फूफी, कशी आहेस?"

"मी बरी हाय," ती म्हणाली.

मी पुढचं ऐकायला थांबलो. गोठ्यात कुणीतरी घंटा वाजवत होतं, म्हणजे मान हलवत होतं. इतकी वर्षं या बाईनं एकदा तरी सरळ उत्तर द्यावं म्हणून आम्ही तिची टिंगल केली, आणि ते मिळालं तेव्हा मला नकोसं झालं. शेवटी मीच म्हणालो, "आणि शेळ्या?"

"हैत की," फूफी म्हणाली. "लय दूरवर जात न्हाईत आता. म्होरं चालायला कुणी न्हाई ना."