काचेच्या कपाटातलं आजोबांचं ब्लँकेट

कुलूप शाबूत, किल्ली एकाच माणसाकडे, आणि आतली वस्तू मात्र बाहेर... तुम्ही संशय कुणावर घ्याल? नोएडातल्या आमच्या सोसायटीने माझ्यावर घेतला. त्यांना दोष तरी कसा देऊ? राग जाहीरपणे दाखवला होता तो फक्त मीच.

मी मावशीबरोबर बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटत वाढले. भूतबीत मानत नव्हते, आजही मानत नाही. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सेक्टर नवा, अर्धे फ्लॅट रिकामे. पार्कला नाव हवं होतं, बाबांनी आजोबांचं सुचवलं. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले, परत आले आणि चार महिन्यांत तापाने गेले — बाबांच्या जन्माआधीच. नाव ठरलं, आणि सोसायटीच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात त्यांचं लष्करी ब्लँकेट चौकोनी घडी घालून ठेवलं. शेजारी पाटी : 'स्वेच्छेने सैन्यात गेलेले वीर.'

आजी भडकली. "स्वेच्छेने? बाजाराला गेले होते ते! भरतीचा आकडा पुरा करायला पाटलानं धरून दिलं. पाटी बदल."

"आई, लोकांसमोर हे काढू नकोस, प्लीज," बाबा म्हणाले.

मी आजीच्या बाजूने. पाटी खोटी आहे असं तावातावाने पत्रक लिहिलं आणि प्रत्येक दाराखाली सरकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्लँकेट ऑफिसच्या फरशीवर अंथरलेलं सापडलं. कपाट बंद, दार बंद.

"बेटी, नाराज़गी अपनी जगह," सेक्रेटरी खन्नाजी म्हणाले, "पर ये ड्रामा?"

"चाबी तो आपके पास है, अंकल!" मीही सुनावलं. मला बदनाम करायला हे त्यांनीच केलं, अशी माझी खात्री होती. त्यांनी दोन्ही कुलपं बदलली. माझ्यावर संशयच नको म्हणून मी त्या रात्री मुद्दाम दिल्लीत, पहाडगंजला मावशीकडे राहायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. "लगेच ये." आवाजात राग नव्हता.

पुन्हा तसंच अंथरलेलं. डिसेंबरचे दिवस, फरशी गारठलेली. मी हात लावला — ब्लँकेट मधोमध कोमट होतं. खन्नाजींनीही हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला.

बाबा खाली बसून घडी घालू लागले. आजीला दोघांनी धरून खाली आणलं होतं. ती दारातूनच ओरडली, "नको घालूस! लढाईवरून आल्यावरही रोज पहाटे उठून कोपऱ्याला कोपरा लावायचे. साहेब तपासायला येईल म्हणून. मी म्हणायचे, अहो, इथं कुठला साहेब? झोपा की... धड झोपलेच नाहीत शेवटपर्यंत."

बाबांचे हात थांबले. "आई... म्हणजे खरंच ते स्वतःहून गेले नव्हते?"

"नेलं रे त्यांना."

बाबांनी पाटी स्वतः उतरवली. 'जबरदस्तीने नेलेले' अशी नवी पाटी लावायला सोसायटी तयार झाली नाही. ब्लँकेट घरी आणलं, पुन्हा काही घडलं नाही.

मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. खन्नाजींवर, बाबांवर... अगदी आजीवरही, जिला एकटीने जिना उतरता येत नव्हता. कोणतंच उत्तर टिकलं नाही. खन्नाजी अजून माझ्याकडे तिरकंच बघतात.

तुम्ही एक करा. गणवेशातला एखादा जुना फोटो तुमच्याही भिंतीवर असेल. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बोलतंय तोवर त्याला विचारा — हे स्वतः गेले होते, की यांना नेलं? आणि जे उत्तर मिळेल, ते आजच फोटोच्या मागे लिहून ठेवा.