मेनूतली तिसरी ओळ

मी अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. अठरा वर्षं झाली. 'मशीन आपोआप चालू झालं' असं कुणी घाबरून सांगायला आलं की मी आधी प्लग बघतो आणि मग त्या माणसाकडे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आज आहे की नाही, ते मला नीट सांगता येणार नाही... म्हणून फक्त घडलं तेवढं लिहितो.

माझी ताई अकोल्याला जठारपेठेत राहते. भाऊजी भिक्षुकी करायचे. बाहेरगावच्या यजमानांसाठी त्यांनी सगळे विधी स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवले होते — सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्ध, अगदी रोजची संध्यासुद्धा. मागच्या श्रावणात ते अचानक गेले. तेव्हापासून सकाळचा चहा घेताना ताई त्यांचा आवाज लावून बसायची. तिला दुसरा आधार नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात भाची मुक्ताला कोर्ससाठी लिनक्स हवं होतं. घरात मशीन एकच. ताईने मला बजावलं, "तुले काय टाकायचं ते टाक, पण ह्यांच्या आवाजाले हात लावू नको." मी हसलो. म्हटलं, एकाच मशीनवर जुनं विंडोज आणि नवं लिनक्स, दोन्ही सिस्टिम सुखाने नांदतात. चालू केलं की मेनू येईल, त्यात दोन ओळी असतील, हवी ती निवडायची.

बॅकअपसाठी काढून ठेवलेली हार्ड डिस्क मी अमरावतीलाच विसरलो होतो. बॅकअप घेतला नाही म्हणून मुलांना वर्गाबाहेर काढणारा मी, त्या दिवशी तसाच कामाला बसलो. हात सवयीने चालत होता, तोंड मुक्ताला शहाणपण शिकवत होतं... आणि 'जुन्याच्या शेजारी टाका'ऐवजी 'डिस्क पुसून टाका' यावर टिचकी पडली. मुक्ता फोन घ्यायला आत गेली तेवढ्यात सगळं साफ.

ताई आत माझ्यासाठी पुऱ्या तळत होती. मला तोंड उघडवेना. मी मुकाट्याने विंडोज नव्याने टाकलं, शेजारी लिनक्स टाकलं, वॉलपेपरला तोच जुना देवीचा फोटो लावला. ताईला सांगितलं की सगळं जागेवर आहे, पण थोडं सेटिंग बाकी आहे, तोवर भाऊजींचं काही उघडू नको. पुढच्या रविवारी जाऊन पुसलेल्या फाईली परत मिळवायची रिकव्हरी चालवून पाहिली. एकही फाईल हाती लागली नाही. आजचं उद्यावर ढकलत मी तीन महिने काढले. लाज वाटते लिहिताना.

वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी ताईचा फोन आला. दुसरे गुरुजी बोलावणार नव्हती. भाऊजींचाच आवाज लावायचा आणि मुक्ता बसेल, असं तिचं ठरलं होतं. आता सांगणं भागच होतं. श्राद्धाच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो, रस्ताभर वाक्यं जुळवत.

साडेदहाला जिना चढताना भाऊजींचा आवाज ऐकू आला.

मी दारातच थबकलो. मुक्ता पाटावर बसली होती, बोटात दर्भाचं पवित्रक. स्पीकरमधून संकल्प चालू होता. "विश्वावसु नाम संवत्सरे..." हे संवत्सर यंदाच्या पाडव्याला लागलं आणि भाऊजी त्याच्या आधीच्या श्रावणात गेले. पुढच्या संवत्सराचं नाव आधी माहीत असतं, मान्य. पण पुढे "अस्मत् पितुः" म्हणून ज्याचं श्राद्ध त्याचं नाव घेतात. तिथे त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. गोत्रासकट, शांतपणे, जसे ते इतरांचं घ्यायचे तसंच.

पिंड होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो. मग ताईला विचारलं, हे कुठून लावलं?

"तिसऱ्या ओळीतून. रोज तिथूनच तं लावतो. रोजची तिथीबी सांगतेत ते. कावून?"

मेनू मी बनवला होता. त्यात दोन ओळी होत्या.

मग माझ्याने राहवलं नाही. डिस्क पुसल्याचं, नवं विंडोज टाकल्याचं, खोटं बोलल्याचं, सगळं एका दमात ओकून मोकळा झालो. "मंग तीन महिने मी काय ऐकून राहिली?" ताई एवढंच म्हणाली. तिला दाखवायला म्हणून मी मशीन बंद करून परत चालू केलं. दोन ओळी आल्या. ताईने खालचा बाण दाबला. निवड दुसऱ्या ओळीवर गेली. परत दाबला, ती फिरून पहिलीवर आली. मुक्ता रडायला लागली, ताई बाण दाबतच राहिली.

नंतर मी डिस्क इंचन् इंच तपासली. काही नाही. आवाज आम्ही तिघांनी ऐकला, तो कुठून येत होता हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मुक्ता सांगते, ताई अजून रोज सकाळी मशीन लावते, ओळी मोजते, बंद करते. माझ्याशी ती बोलत नाही. त्या दिवशी निघताना तेवढी दारापर्यंत आली होती.

"तू बोलला नसता," ती म्हणाली, "तं ते होते."