एदेल्मिरा बाई आणि मधाचं पाणी

एदेल्मिरा बाई आमच्या डोंगरावरच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवत होत्या. दोन खोल्या, बत्तीस पोरं आणि स्वयंपाकघरात मी, नोहेमी. बाईंनी मलाही शिकवलेलं, त्यामुळे पातेली घासताना त्यांचा आवाज आला की अजूनही माझी पाठ ताठ व्हायची.

पाखरांचं त्यांना फार वेड. हमिंगबर्ड आमच्याकडे कॉफीच्या मळ्यात, कुंपणावर, धुण्याच्या दोरीवरसुद्धा बसतात. कुणी मान वर करून बघत नाही. बाई बघायला लावायच्या. "डोळे मिटा, पंख ऐका आणि सांगा कोणता आला," म्हणायच्या. पोरं बरोबर सांगायची. जप्त केलेल्या गलोलींनी बाईंचं अर्धं कपाट भरलं होतं.

एका वर्षी खाली गावात शिक्षकांना पक्ष्यांची माहिती द्यायला एक तरुण आला होता. बाई तिथून परतल्या त्या धुसफुसतच. "काल मिशी फुटलेला पोरगा मला हमिंगबर्ड शिकवतो!" त्यानं दिलेलं पत्रक त्यांनी न वाचताच टेबलाच्या खणात टाकलं.

मग त्यांनी पाच खिडक्यांत गोड पाण्याच्या बाटल्या टांगल्या. साखर नको, कारखान्यातली. मध घालू, असं त्यांनीच ठरवलं. मधाचं पाणी मी चुलीवर कोमट करून द्यायचे. पहिली बाटली बाईंची, बाकीच्या चार पोरांच्या. तिसरी येसेनियाची. नऊ वर्षांची, मितभाषी पोर. रोज सकाळी ती माझ्या नळावर यायची. ब्रश आत जात नव्हता म्हणून मूठभर तांदूळ घालून बाटली खळखळ हलवायची, दोनदा धुवायची.

तीन आठवड्यांनी तिसऱ्या खिडकीखाली तीन पाखरं मरून पडलेली सापडली. जिभा सुजून चोचीबाहेर आलेल्या.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "ही बाटली कोणाची?"

येसेनिया उठली.

"धुतली नाहीस ना?"

"रोज धुते, बाई."

"मग पाखरं काय हौसेनं मेली? खोटं बोलू नकोस. तुझ्या आळसानं तीन जीव गेले."

मी दारात अरेपांचं, मक्याच्या जाड भाकऱ्यांचं, ताट घेऊन उभी होते. बाईंना भर वर्गात खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. ताट टेकवलं आणि परत फिरले.

मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती ओरडत होती, "पाखरंमारी! पाखरंमारी!" दुसऱ्या दिवसापासून येसेनिया आलीच नाही.

पुढच्या आठवड्यात पहिल्या खिडकीखाली दोन पाखरं पडली. ती बाटली बाई स्वतःच्या हातानं धुवायच्या. त्या दुपारी त्यांनी खण उघडला. पत्रकात वरच छापलं होतं: मध कधीही घालू नका, त्यात बुरशी धरते आणि ती पाखराच्या जिभेवर चढते.

कागद घेऊन त्या स्वयंपाकघरात आल्या.

"नोहेमी, ती पोर बाटली धुवायची का गं?"

"रोज. माझ्यासमोर."

त्या बटाट्याच्या पोत्यावर बसल्या. मला रागावल्यासुद्धा नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी त्यांनी सगळ्या बाटल्या उतरवल्या. पण पोरांना म्हणाल्या, "काच फुटून लागेल कुणाला." हे खोटं त्यांनी आठ दिवस चालवलं. त्या आठ दिवसांत त्या जेवणाला हात लावत नव्हत्या, आणि मी काही न विचारता ताट उचलत होते. नवव्या दिवशी म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

येसेनियाची आई ओतिलिया अंगणात कॉफी वाळत घालत होती. तिनं हातातलं फावडं खाली ठेवलं नाही.

"आजारी नाही ती, बाई. तिला शाळेत यायची लाज वाटते."

"लाज मला वाटायला हवी, ओतिलिया."

"मग तिला सांगा. मला कशाला सांगता?"

येसेनिया दाराआड होती. बाई बंद दाराशी बोलल्या. चूक माझी, मध माझा, तू खरं बोलत होतीस. मग मीही बोलले, "मला माहीत होतं गं, तू धुवायचीस ते."

आतून आवाज आला, "मग बोलली का नाहीस?"

त्यांच्या घराची चढण उतरताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

सोमवारी बाईंनी पालकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. एक बाप हसला. "पाखरंच ना बाई! त्यात काय एवढं?"

"पाखरं माझ्या अडाणीपणानं मेली," बाई म्हणाल्या, "आणि नाव मी पोरीचं घेतलं. ती खरं सांगत होती, तरी." तो बाप टोपी हातात फिरवत राहिला.

बुधवारी येसेनिया आली. बाटल्या पुन्हा लागल्या नाहीत. कुंपणाभोवती लाल फुलांची झुडपं लावली, तिनंही एक खड्डा खणला. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची. बाईंनी कुठल्या पाखराचं नाव विचारलं तर म्हणायची, "माहीत नाही." तिला माहीत असायचं.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी पोरं गळ्यात पडून रडली. येसेनियानं नुसता हात पुढे केला, बाईंनी तो दोन्ही हातांत धरला, मग सोडला.

वाटेत मी म्हटलं, "पोर मनात फार धरून बसते."

"तू काही बोलू नकोस, नोहेमी," बाई म्हणाल्या. "आपण दोघींनी तिला काही बोलू नये."